कोटावरच्या तीन अक्षता

भुताखेतांचं आणि माझं कधी जमलं नाही. या सदरातल्या हकिगती मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि, राग मानू नका, हसते. कुणाला चिंचेखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या गाडीला रिकाम्या रस्त्यावर कुणी हात करतं... मी आमच्या यांना मोठ्यानं वाचून दाखवते, "बघा, हीसुद्धा पांढरीच! एखादीनं तरी हिरवं नेसावं की नाही?"

तर आज माझीच हकिगत लिहायला बसले आहे. म्हणजे हसायची पाळी तुमची. फक्त एक सांगते – हिच्यात बाई नाही, चिंच नाही, आणि जे काही घडलं ते सगळं दिवसाउजेडी, चष्मा लावून, मोजपट्टी हातात धरून पाहिलेलं आहे.

आम्ही जुन्या जालन्यात मस्तगडाच्या बाजूला राहतो. सत्तरी ओलांडून मला चार वर्षं झाली. दोन्ही मोतीबिंदू काढलेत, गुडघे पावसाचा अंदाज बराबर सांगतात, आणि डोकं ठिकाणावर आहे... असं निदान सून तोंडावर तरी म्हणते. सून म्हणजे मनीषा. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिला काहीही सांगितलं की "कशावरून?" असं विचारते. माझ्यासारख्या बाईला अशी सून मिळणं हा कुठल्या तरी जुन्या पापाचा हिशेब असणार, असं मी गमतीनं म्हणायची. आता गमतीनं म्हणत नाही.

कारण ते पाप मला नेमकं माहीत आहे. ते करणाऱ्या मुलीची ओळख करून देते. वय वीस. औरंगाबादला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास, दुसऱ्या वर्षाच्या मध्यात लग्न. बाहत्तरच्या दुष्काळाच्या साधारण दोन वर्षं आधीची गोष्ट. तीर्थपुरीहून जालन्याला सून होऊन आली ती ट्रंकेत रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन – तेही सगळ्यात वर, लग्नातल्या शालूवर ठेवलेलं, ट्रंक उघडल्याबरोबर सासरच्यांना दिसावं म्हणून! दुधात पाणी किती, साबणात सोडा किती, सगळ्यावर बोलायची. आज ती मुलगी मला रस्त्यात दिसली तर मी दुसऱ्या फुटपाथनं जाईन.

तर ती मुलगी म्हणजे मी.

माझे सासरे – आम्ही मामंजी म्हणायचो – शाळेत गणित शिकवायचे. पण त्याच्या आधी, निजामाचं राज्य असताना आणि त्यानंतरची काही वर्षं, ते दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत नोकरीला होते. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचं काम म्हणजे दुर्बिणीतून आकाशाचे फोटो घ्यायच्या काचा सांभाळायच्या. तेव्हा असे फोटो फिल्मवर नसायचे, काचेवर असायचे. सोळा सेंटिमीटर चौरस काच, तिच्या एका बाजूला औषधाचा थर. ही काच अंधारात दुर्बिणीला लावायची, अर्धा तास ठेवायची, काढायची, धुवायची. त्याला ते 'प्लेट' म्हणायचे. निगेटिव्हच असल्यामुळे आकाश पांढुरकं आणि तारे काळे. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावावेत, तसं.

त्या नोकरीनं त्यांच्या हातांना एक सवय लावली होती. कुठलीही वस्तू धरण्याआधी ते हात धुवायचे, आणि पुसायचे नाहीत – वर धरून वाऱ्यावर वाळवायचे. मग ती वस्तू कडेनं धरायची, बोटांच्या टोकांनी. काचेचं सोडा, जेवणाची थाळीसुद्धा तशीच! सासूबाई वाढायच्या आणि मामंजी दोन्ही हातांनी थाळीच्या कडा धरून तिच्याकडे असे बघायचे, जणू वरणभातावर ठसा उमटेल. "एहतियात, सूनबाई, एहतियात," असं सारखं तोंडात. जपून, एवढाच अर्थ. पण उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द अत्तराच्या फायासारखा यायचा. मी न्हाणीघराच्या दाराआड उभी राहून त्यांची नक्कल करायची. नणंदा लोळायच्या हसून.

त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात मलमलीत गुंडाळलेल्या दोन प्लेटा. लग्नानंतर महिनाभरात, एका दुपारी, त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, तू शिकलेली आहेस. जरा बघ."

दोन्ही प्लेटा त्यांनी खिडकीशी, कागदाच्या पांढऱ्या तावावर ठेवल्या. आकाशाचा एकच तुकडा, एकापाठोपाठ घेतलेला. दोन्हींवर तेच तारे. पण पहिलीवर तीन ठिपके जास्तीचे. तिरप्या ओळीत, सारख्या अंतरावर, गोल. अर्ध्या तासानंतरच्या दुसऱ्या प्लेटवर तिन्ही गायब.

"विमान?" मी म्हटलं.

"विमानाची रेघ येते. जे हलतं त्याची रेघच येते. ठिपका यायचा तर लखकन उजेड पडून विझला पाहिजे. तीनदा. नाहीतर तीन ठिकाणी." मग म्हणाले, "आणि तेव्हा आकाशात माणसानं सोडलेलं काहीच नव्हतं, बरं. उपग्रह वगैरे सगळं नंतरचं."

मग खरी गोष्ट सांगितली. वेधशाळेत त्यांच्या वरच्या साहेबानं ती प्लेट पाहिली आणि म्हणाला, हे तारे नाहीत, तुमच्या घामट बोटांचे डाग आहेत. रजिस्टरात इंग्रजीत शेरा मारला – हाताळणीतला दोष. प्लेट बाद. त्या शेऱ्यानंतर मामंजींना नव्या प्लेटांना हात लावू दिला नाही, लेबलं चिकटवायला बसवलं. वर्षभरात ते नोकरी सोडून जालन्याला परत आले. बाद प्लेटांची जोडी मागून घेतली, तेवढी मिळाली.

"मला फक्त एवढंच कळायचंय," ते म्हणाले, "हे आकाशातलं, की माझ्या हाताचं?"

आता विचार करा. साठीला आलेला माणूस, वीस वर्षं मनात ठेवलेला प्रश्न, पहिल्यांदा कुणाला तरी विचारतोय. आणि ही बया दोन मिनिटं वाकून बघते, आणि म्हणते, "धूळ असेल, मामंजी."

त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची वही होती. प्लेटच्या कडांपासून प्रत्येक ठिपका किती मिलिमीटरवर आहे, ते त्यांनी पेन्सिलीनं नेटकं लिहिलेलं होतं. शेवटच्या रकान्यात – कारण : माहीत नाही. मी ते 'माहीत नाही' शाईनं खोडलं, शेजारी 'धूळ' लिहिलं, आणि खाली सही केली. सहीपुढे 'बी.एस्सी. भाग १'!

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. कशावरून?"

(मनीषाचं "कशावरून" मला का झोंबतं, ते आता कळलं असेल.)

"पुसलं तर निघेल," मी म्हटलं.

"पुसायचं तर काचेच्या बाजूनं, थराच्या बाजूनं नाही. आणि बाजू कशी ओळखायची, दाखवतो." त्यांनी दुसरी प्लेट उचलली, कडेनं, आणि तिचा कोपरा खालच्या ओठाला हलकेच टेकवला. "थराची बाजू ओठाला जराशी चिकटते. काचेची नाही. अंधारात आम्ही असंच ओळखायचो. बघ करून."

आणि ही विज्ञाननिष्ठ बाई – रसायनशास्त्राचं पुस्तक शालूवर ठेवून आलेली – मनात काय म्हणाली? शी! उष्टं!

सासऱ्यांच्या ओठाला लागलेली काच मी कशी ओठाला लावू? मी नुसती मान हलवली, "कळलं, कळलं."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर मी पेटी उघडली. मला त्यांना चिडवायचं नव्हतं. खरं तर खूश करायचं होतं. संध्याकाळी स्वच्छ प्लेट समोर ठेवायची – बघा, गेले ठिपके, धूळच होती! बाजू ओळखायची वेळ आली तेव्हा कोपरा ओठापर्यंत नेला... आणि परत खाली घेतला. जी बाजू जास्त मळकट वाटली, ती काचेची असं ठरवलं. कोमट पाणी, त्यात धुण्याचा सोडा, मऊ फडकं.

ठिपके निघाले.

त्यांच्यासोबत तारेही निघाले. सगळे. पांढुरका थर सायीसारखा सुरकुतला आणि फडक्यावर गोळा झाला. मी घाबरून आणखी पाणी ओतलं. शेवटी हातात राहिली एक लख्ख काच, आरपार. तिच्यातून न्हाणीघराची मोरी दिसत होती.

मामंजी संध्याकाळी आले. मी काच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आधी हात धुतले, वाळवले. मग ती काच उचलली – कडेनं! – आणि खिडकीकडे धरून बराच वेळ आरपार पाहत राहिले. एवढ्यात सासूबाई आतून आल्या, "काय झालं?"

"एक प्लेट फुटली," मामंजी म्हणाले. "माझ्या हातातून पडली."

माझ्या हातातून. ज्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट शाबीत करायची होती, की आपल्या हातून चूक झाली नाही... त्यानं माझ्यासाठी ती चूक आपल्या हातांवर घेतली. महिनाभर जुनी सून होते मी त्या घरात.

आणि मी? मी गप्प बसले. तेव्हा बसले ते बसलेच. घरात पुढं वर्षानुवर्षं हा विनोद चालला – अण्णा (मुलं मामंजींना अण्णा म्हणायची) एवढे एहतियात एहतियात करतात आणि शेवटी प्लेट त्यांच्याच हातून फुटली! आमचे हे तर पाहुण्यांना रंगवून सांगायचे. मामंजी हसायचे. साहेबाचा शेरा खरा होता असंच सगळ्यांना वाटायचं, आणि मी भाकरी थापत राहायची.

थोड्या दिवसांनी लग्नाचा फोटो स्टुडिओतून आला. मामंजींनी तो काचेच्या मापानं चौकोनी कापला, स्वतः चौकट केली, आणि तीच काच लावून बैठकीत टांगला. कुणी विचारलं तर काच बाजारातून आणली. फक्त मला माहीत होतं. टोमणा आहे, असं मी धरून चालले. रोज सकाळी झाडताना वर बघायचं नाही, असं ठरवून टाकलं. बारा-तेरा वर्षांनी मामंजी गेले. त्या काचेबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. फोटो तिथंच राहिला. घर पाडून नवं बांधलं, तरी नव्या भिंतीवर तोच खिळा, तोच फोटो.

त्या फोटोत यांच्या काळ्या कोटावर, छातीशी, तीन पांढरे ठिपके आहेत. ते कधीपासून आहेत, कुणालाच आठवत नाही. घरात सगळे म्हणायचे, अक्षता अडकल्यात. नात लहानपणी ते मोजायची – "आजोबा, तुमच्या कोटावर भात सांडलाय."

आता मागच्या हिवाळ्याची गोष्ट.

रविवार, दुपार. मनीषा मोबाइलवर काही वाचत होती, एकदम उठून माझ्याकडे आली. "आई, अहो हे ऐका. आकाशाच्या जुन्या काचेच्या प्लेटा लोक आता स्कॅन करून तपासतायत. उपग्रह सुटायच्या आधीच्या. म्हणे त्यांच्यावर असे ठिपके आहेत, जे एका प्लेटवर दिसतात आणि पुढच्या प्लेटवर नसतात. काही तर ओळीत! कुणी म्हणतं प्लेटचा दोष, कुणी म्हणतं उजेडाची चमक. भांडण चालू आहे. आपल्या अण्णाआजोबांकडे होत्या ना अशा प्लेटा?"

मी निवडत होते ते तांदूळ निवडतच राहिले.

"होत्या की," हे खुर्चीतून म्हणाले. "पर त्यातली कामाची एक अण्णांच्या हातून फुटली. लई एहतियातवाले होते ना!" आणि हसले, नेहमीसारखे.

मनीषानं माळ्यावरून पेटी काढली. दुसरी प्लेट मलमलीत तशीच होती, आणि काळी वही. तिनं शेवटचा रकाना वाचला, मग माझ्याकडे बघितलं. किराण्याच्या यादीमुळे माझं अक्षर तिला पाठ आहे.

"आई... हे 'धूळ' तुमचं?"

पन्नासहून जास्त वर्षं मी हा क्षण टाळला होता. आणि सांगितलं तेव्हा किती कमी वेळ लागला! तांदळाचं ताट मांडीवर तसंच होतं. प्लेट फुटली नाही. मी धुतली. ओठाला लावायची लाज वाटली म्हणून चुकीची बाजू घासली. तुझ्या आजेसासऱ्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. आणि ती काच – ती बघा, भिंतीवर.

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे मी आख्ख्या गावाला सांगत फिरलो की अण्णांच्या हातून..." एवढंच म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मग, "तू कधी बोलली न्हाईस गं."

"नाही बोलले."

मनीषानं टेबल ओढलं आणि फोटो उतरवला. तिला आशा वाटत होती, काचेवर काही तरी राहिलं असेल. चौकट उघडली, काच बाहेर काढली, उन्हात धरली, भिंग लावलं, वाफ सोडून बघितली. काही नाही. मी काम पक्कं केलं होतं.

"गेलं ते गेलं," मी म्हटलं.

पण काच बाजूला ठेवल्यावर मनीषा उघड्या फोटोवर वाकली होती. "बाबा, या तुमच्या अक्षता..."

"अक्षता न्हाईत त्या," हे म्हणाले. "मी फोटोच्या आधी कोट झटकला होता. फोटोवाल्यानंच झटकायला लावला. किती वर्षं सांगून राह्यलो, पर या घरात माझं ऐकतंय कोण?"

"आणि तांदूळ लांबट असतो," मनीषा भिंगातून बघत म्हणाली. "हे गोल आहेत. तिरप्या ओळीत."

मी खुर्चीवरून उठले. तांदूळ सांडले, ते तसेच राहिले.

या फोटोची दुसरी प्रत माझ्या माहेरी आहे. मनीषाला तेवढं पुरेसं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी एसटीनं अंबडमार्गे तीर्थपुरीला गेलो. माझा धाकटा भाऊ अंगणातच उभा होता.

"आक्का, इतक्या वर्सांनी फोटो पाह्यला आलीस? का वाटणी मागायला आलीस ते सांग!"

"वाटणीच हवीय. अर्धा फोटो दे."

"घे की. त्यातले दाजी घेऊन जा, तुला ठिऊन जा."

फोटो त्यानं भिंतीवरून काढून दिला. तोच स्टुडिओ, तोच शिक्का, तोच क्षण. माझं रागीट तोंड, यांची टोपी, मागचा पडदा. आणि यांचा कोट – काळाभोर. एकही ठिपका नाही. मनीषानं कापडानं पुसून, भिंगातून, खिडकीत नेऊन पाहिलं. नाही म्हणजे नाही.

म्हणजे एकाच फोटोच्या दोन प्रती. एकीवर तीन ठिपके, दुसरीवर नाहीत. हे मी आधी कुठं पाहिलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. परतीच्या एसटीत मी भावानं दिलेल्या मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

घरी आल्यावर मनीषानं वही उघडली. मोजपट्टी घेतली. आमचे हे शेजारी उभे, मी खुर्चीत.

"वरच्या कडेपासून," तिनं वहीतलं वाचलं, मग फोटोवर मोजलं. "बासष्ट, एकाहत्तर, ऐंशी... आई, बराबर आहे! तिन्ही!" मग डावीकडून मोजलं. तिचा चेहरा उतरला. "डावीकडून मात्र नाही जुळत. वहीत पंच्याऐंशी, एकशे दोन, एकशे एकोणीस. फोटोवर पंचाहत्तर, अठ्ठावन्न, एक्केचाळीस." तिनं पट्टी खाली ठेवली. "वरचे तीन आकडे योगायोग म्हणावे लागतील. कसर लागली असेल कागदाला."

आणि खरं सांगते, त्या क्षणी मला जरा हायसं वाटलं. कसर बरी. कसरीला काही उत्तर द्यावं लागत नाही.

पण माझा हात आपोआप ओठाकडे गेला होता.

"मनीषा," मी म्हटलं, "मामंजींनी मोजलं तेव्हा थराची बाजू वर होती. चौकटीत बसवताना ती बाजू फोटोवर उलटी ठेवली असेल, तर डावं ते उजवं नाही का होणार?"

तिनं पट्टी परत उचलली. मग तिनं उजव्या कडेपासून मोजायला सुरुवात केली. पंच्याऐंशी. एकशे दोन. एकशे एकोणीस.

गल्लीतून एक रिक्षा वळली आणि तावदान हललं.

नंतर मनीषा चार दिवस डोकं खाजवत होती. मीही. तिचे तर्क असे. एक – थरातली चांदी काचेला चिकटून राहिली असेल आणि तिनं कागदावर खुणा केल्या असतील. मग काचेवर काहीच का दिसत नाही? आणि समजा दिसलं नाही तरी... त्या प्लेटवर हजारभर तारे होते, ठिपक्यांपेक्षा मोठे, गडद. त्यांच्यातला एकही फोटोवर उमटला नाही. उमटले ते तेवढे तीनच. का? दोन – मामंजींनीच गुपचूप फोटोवर टाचणीनं ठिपके केले. यावर आमचे हे इतके भडकले की मनीषानं तो तर्क मागं घेतला. तरी तिनं भिंगातून तपासून घेतलं. कागद कुठं खरवडलेला नाही, ठिपक्यांत तो मुळातच पांढरा आहे, तिथं कधी काळा रंग चढलाच नसावा असा. तीन – योगायोग. हा शब्द तिनं स्वतःच उच्चारला आणि स्वतःच तोंड वाकडं केलं.

"हे कुणा संशोधकाला पाठवलं तर?" यांनी विचारलं.

"पुरावा म्हणून उपयोग नाही, बाबा. मूळ प्लेटच नाही ना. कुणीही म्हणेल वही नंतर लिहिली." मग माझ्याकडे बघून हळूच, "आणि आई, समजा हे ठिपके त्या प्लेटचेच असले, तरी ते आकाशातले होते की बोटाचे, हे यावरून कळत नाही."

बरोबर होतं तिचं. ती माझ्यापेक्षा फार चांगली विद्यार्थिनी आहे. तिला 'माहीत नाही' म्हणता येतं. मला ते विसाव्या वर्षी आलं नाही, म्हणून तर सगळं आकाश मोरीतून वाहून गेलं.

पण त्या चार दिवसांत माझ्या लक्षात एक आलं. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत होते – कधी तरी कळेल, आकाशातलं होतं की हाताचं. आकाशातलं निघालं तर सांगून टाकू, मग मामंजींचे हात आपोआप सुटतील. आणि हाताचं निघालं तर... बरंच, मग माझी चूक तेवढी मोठी नव्हती. म्हणजे मी आकाशानं येऊन साक्ष द्यावी म्हणून थांबले होते! आणि इकडे अख्ख्या घरात एकच साक्षीदार होती जिनं ती प्लेट कुणाच्या हातून गेली ते पाहिलं होतं. ती रोज भाकरी थापत होती.

पुढच्या रविवारी आम्ही फोटो परत लावला. यांनी खिळा ठोकून घट्ट केला. चौकटीत काच बसवायची वेळ आली तेव्हा मनीषा म्हणाली, "थराची बाजू कुठली ते कसं कळणार आता?"

"नाही कळणार," मी म्हटलं. "थरच नाही."

तरी मी हात धुतले. वर धरून वाळवले. काच कडेनं उचलली आणि कोपरा खालच्या ओठाला टेकवला. आधी एक बाजू, मग दुसरी. मनीषा बघत होती, पण या वेळी तिनं "कशावरून" विचारलं नाही.

एक बाजू चिकटली. जराशीच. उन्हाळ्यात पाण्याचा थंड पेला ओठाला लावल्यावर चिकटतो ना, तेवढी. वय झालं, ओठ कोरडे पडतात, हे मला माहीत आहे. तुम्ही हसा, मीही हसले असते. ती बाजू मी फोटोकडे करून ठेवली.

मग काळी वही घेतली. माझा 'धूळ' आणि त्याखालची ती दिमाखदार सही एका रेघेनं खोडली. मामंजींचे शब्द माझ्या शाईखाली अजून वाचता येत होते, तरी ते पुन्हा लिहिले. आणि एवढ्या वर्षांत जे सांगायला आकाशाची काहीच गरज नव्हती, तेही खाली लिहिलं. आमच्या यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

कारण : माहीत नाही.
हात स्वच्छ होते.